कॉमिक्समधली सिगारेट आणि कॉमिक्समधला खून

२१ एप्रिल १९५४. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीची सुनावणी चालू होती. विषय बालगुन्हेगारीचा होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यात होती कॉमिक्स. सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी एका कॉमिकचं मुखपृष्ठ सगळ्यांना दाखवलं. त्यावरच्या माणसाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड होती, दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाईचं तुटलेलं मुंडकं. हे तुम्हाला अभिरुचीला धरून वाटतं का, असं त्यांनी प्रकाशक विल्यम गेन्स यांना विचारलं. भयकथांच्या कॉमिकचं मुखपृष्ठ म्हणून वाटतं, असं गेन्सनी सांगितलं. मुंडकं जरा वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं, तर मात्र ते अभिरुची सोडून झालं असतं. हे उत्तर गेन्सना फार महागात पडलं.

त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांचीही साक्ष झाली. कॉमिक्सच्या धंद्यापुढे हिटलर नवशिका होता, कारण हे लोक मुलांना त्याहून लहान वयात गाठतात, अशा आशयाचं ते बोलले. कॉमिक्स मुलांना गुन्ह्याकडे ओढतात, असं सांगणारं त्यांचं पुस्तक नुकतंच बाजारात आलं होतं आणि घराघरांत आईबाप धास्तावले होते.

वर्थम यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, एका चर्चच्या तळघरात, त्यांनी १९४६ साली मानसोपचाराचा दवाखाना काढला. इतर ठिकाणी दारं बंद असलेल्या गरीब कृष्णवर्णीयांवर तिथे पाव डॉलरात उपचार होत. वर्णानुसार वेगळ्या शाळा मुलांच्या मनावर काय परिणाम करतात, याबद्दल त्यांनी दिलेली साक्ष त्या शाळांविरुद्धच्या ऐतिहासिक खटल्यात उपयोगी पडली. मुलांविषयीची त्यांची कळकळ खरी होती. घात झाला तो पद्धतीत.

त्यांच्याकडे येणारी बिघडलेली मुलं कॉमिक्स वाचत होती, हे खरं. पण त्या काळी अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक शाळकरी मुलं कॉमिक्स वाचत होती. चोरी करणारा मुलगा वाचत होता आणि वर्गात पहिला येणाराही वाचत होता. अशा वेळी फक्त बिघडलेल्या मुलांकडे बोट दाखवून काहीच सिद्ध होत नाही. तशाच वयाची, तशाच वस्तीतली, पण न बिघडलेली मुलं शेजारी ठेवून तुलना करावी लागते. वर्थम यांनी ती केली नाही.

त्यांची कागदपत्रं अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात बंद होती. ती २०१० साली अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक कॅरल टिली यांनी दवाखान्यातल्या मूळ नोंदी आणि पुस्तकातला मजकूर यांचा ताळा घेतला. २०१२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष वाचून मन खट्टू होतं. काही ठिकाणी दोन मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं, काही ठिकाणी वाक्यं बदलली होती. शाळा बुडवणाऱ्या एका मुलीचं वागणं कॉमिक्सच्या खात्यावर जमा केलं होतं. तिचं टोळीत असणं, वाचनातली अडचण असे नोंदींतले तपशील पुस्तकात आलेच नव्हते. ज्या पुराव्याच्या भरवशावर आईबाप धास्तावले होते, तो पुरावा असा होता.

आता १९५४ सालातलीच दुसरी गोष्ट. त्या सुनावणीची शेवटची बैठक ४ जून १९५४ रोजी झाली. त्याच महिन्यात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांचा एक निबंध आला. त्यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्र पाठवून सिगारेटच्या सवयीबद्दल मोजके प्रश्न विचारले होते. चाळीस हजारांवर डॉक्टरांनी उत्तरं धाडली. मग दोघं थांबले आणि कोण कशानं मरतं याची नोंद ठेवत गेले. जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त, कमी ओढणाऱ्यांत कमी, न ओढणाऱ्यांत अगदीच कमी. सवय आधी नोंदली होती, आजार नंतर आला होता. न ओढणारे तुलनेला होतेच. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढत होता.

कॉमिक्समध्ये काय दाखवावं हा वाद आजही निघाला की सिगारेट आणि हिंसा यांची नावं एका दमात घेतली जातात. माझं म्हणणं असं, की हे दोन प्रश्न विज्ञानाच्या नजरेनं वेगळे आहेत आणि त्यांना एकच नियम लावला की दोन्हीकडे चूक होते. १९५४ साली नेमकं तेच झालं.

सुनावणीच्या धसक्यानं प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक संहिता लादून घेतली. नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत, रक्तपिपासू पिशाच्चं नकोत, प्रत्येक कथेत सज्जनाचाच विजय हवा, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. ज्या कॉमिकवर संहितेचा शिक्का नाही ते विक्रेते ठेवेनात. अनेक प्रकाशनं बंद पडली. तंबाखूच्या बाबतीत मात्र संहितेनं फक्त जाहिरातींना मनाई केली. कथेतल्या गुप्तहेरानं सिगारेट शिलगावली, संपादकानं दातांत सिगार धरला, तर कुणाची हरकत नव्हती. ज्या गोष्टीविरुद्ध त्याच वर्षी भक्कम पुरावा छापून आला ती बिनबोभाट चालू राहिली आणि ज्या गोष्टीविरुद्धचा पुरावा पोकळ होता तिच्यावर घाव पडला.

हा घाव कुठे कुठे बसला ते पाहण्यासारखं आहे. गेन्स यांच्याच एका विज्ञानकथेत यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा अंतराळवीर पाहणीला जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना खालचे समजतात. हा ग्रह अजून आपल्या संघात येण्याच्या लायकीचा नाही, असा निर्णय देऊन तो परत निघतो, आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो तेव्हा कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ सालच्या अंकात ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा संहितेचे प्रमुख न्या. चार्ल्स मर्फी यांनी त्या अंतराळवीराचा रंग बदलायला सांगितलं. गेन्स हटले नाहीत आणि कथा तशीच छापली गेली, पण त्यांनी कॉमिक्सचा धंदा तिथेच आटोपला. मुलांना वाचवायला निघालेला नियम वर्णद्वेषाविरुद्धच्या कथेला आडवा आला होता. पुढे अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं मार्व्हल कॉमिक्सचे संपादक स्टॅन ली यांना अमली पदार्थांचे धोके सांगणारी कथा करायची विनंती केली. त्यांनी ती स्पायडर-मॅनच्या तीन अंकांत गुंफली. संहितेनं शिक्का नाकारला, कारण अमली पदार्थांचा उल्लेखच चालणार नव्हता, मग तो विरोधात का असेना! अंक १९७१ साली शिक्क्याविना निघाले आणि त्याच वर्षी नियम सैल करावा लागला.

सिगारेटच्या चित्रणाबद्दलचा भक्कम पुरावा सिनेमावरून आला. मॅडेलीन डाल्टन, जेम्स सार्जंट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या शाळांमधली १० ते १४ वर्षांची, कधीही सिगारेट न ओढलेली मुलं निवडली. ६०१ सिनेमांतली धूम्रपानाची दृश्यं आधी मोजून ठेवली होती. प्रत्येक मुलाला त्यांतल्या ५० सिनेमांची यादी दिली आणि कोणते पाहिलेत ते विचारलं. एक ते दोन वर्षांनी २,६०३ मुलांना पुन्हा गाठलं. अशी दृश्यं सर्वांत कमी पाहिलेल्या गटातल्या ३ टक्के मुलांनी, तर सर्वांत जास्त पाहिलेल्या गटातल्या १७ टक्के मुलांनी दरम्यान सिगारेट ओढून पाहिली होती. आईबाप ओढतात का, मित्र ओढतात का, मूल स्वभावानं धाडसी आहे का, हे सगळं हिशेबात धरल्यावरही फरक अडीच पटींहून जास्त उरला. ज्यांच्या घरी कुणीच ओढत नाही, त्या मुलांवर पडद्याचा परिणाम उलट अधिक होता. हा निबंध २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आपल्याकडे दिल्लीतल्या १२ शाळांमधल्या जवळपास चार हजार मुलांची अशीच पाहणी झाली. हिंदी सिनेमांतलं तंबाखूसेवन जास्त पाहणाऱ्यांत तंबाखू चाखून पाहिल्याचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्यांनी, २०१२ सालच्या अहवालात सिनेमातलं धूम्रपान आणि मुलांनी ते सुरू करणं यांत कार्यकारणसंबंध आहे, असं स्पष्ट लिहिलं.

हिंसेबद्दल असं स्पष्ट लिहिता येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांचे १९६० नंतरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. १९६३ सालच्या प्रयोगात बालवाडीतल्या मुलांना फुगवलेल्या बाहुल्याला बडवणारी माणसं दाखवली: कुणाला समोर, कुणाला चित्रफितीत, तर कुणाला मांजराच्या वेषात, कार्टूनसारखी. तिन्ही प्रकारांनंतर मुलं बाहुल्याला अधिक बडवू लागली. पण तो बाहुला बडवण्यासाठीच बनवलेला असतो, आणि निरीक्षण त्या खोलीतल्या काही मिनिटांपुरतं होतं. स्टीव्हन कर्श आणि पॉल ओल्झॅक यांनी कॉमिक्सवरच प्रयोग केला: अतिहिंसक कॉमिक वाचलेल्या महाविद्यालयीन मुलांना पुढच्या एका संदिग्ध प्रसंगात समोरच्याचा हेतू अधिक वाईट वाटला, मुलींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. इथेही मोजलं गेलं ते वाचल्याबरोबरचं मत. कुणी कुणाला मारलं का, हे नव्हे. २०१९ साली अँड्र्यू शिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी ब्रिटनमधल्या १,००४ किशोरवयीनांचा अभ्यास केला. विश्लेषण कसं करायचं हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, म्हणजे हवं ते उत्तर मागाहून शोधायला जागा नको. हिंसक व्हिडिओ गेम आणि आईबापांनी नोंदलेला आक्रमकपणा यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेनं २०२० साली किरकोळ आक्रमकतेशी लहानसा संबंध मान्य केला, पण गंभीर हिंसेचं खापर गेमवर फोडणं शास्त्राला धरून नाही असं बजावलं.

हा फरक का पडतो? अनुकरण व्हायला तीन गोष्टी लागतात, असं बँडुरांच्या मांडणीतून दिसतं. ज्याला पाहायचं तो आवडता हवा, त्या कृतीची त्याला शिक्षा झालेली दिसता कामा नये, आणि ती कृती पाहणाऱ्याच्या आवाक्यात हवी. सिगारेट या तिन्ही कसोट्यांना उतरते. नायक ती ओढतो, त्याला खोकला येत नाही, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर ती सुटी मिळते. एकदा ओढून पाहिली की पुढचं काम निकोटिन करतं. कुऱ्हाडीचं तसं नाही. चित्रातला खून आणि खरा खून यांच्यामध्ये राग, संधी, भीती, सदसद्विवेक असं बरंच काही आडवं येतं. शिवाय कथेत हिंसा सहसा निर्हेतुक नसते, तिला कारण असतं आणि परिणामही. दुःशासनाचं रक्त दाखवल्याशिवाय द्रौपदीच्या मोकळ्या केसांचा अर्थ मुलाला कळणार कसा? नायकाच्या तोंडातली सिगारेट मात्र काढून टाकली तरी बहुतेक वेळा कथेचं एक पानही हलत नाही.

बेल्जियन चित्रकार मॉरिस यांनी हे करून दाखवलं. त्यांचा काउबॉय लकी ल्यूक १९४६ सालापासून ओठांत सिगारेट धरून फिरत होता. १९८३ साली त्यांनी तिच्या जागी गवताची काडी दिली. ल्यूकचा बेफिकीर रुबाब तसाच राहिला आणि मालिकाही चालू राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८८ साली मॉरिस यांचा गौरव केला. मार्व्हलचे मुख्य संपादक जो केसाडा यांनी २००१च्या सुमारास आपल्या नायकांचं धूम्रपान थांबवलं, तेव्हा सिगारप्रेमी वुल्व्हरिनलाही ते लागू झालं. हे निर्णय कुठल्या न्यायाधीशाचे नव्हते, चित्र काढणाऱ्या आणि छापणाऱ्यांचे होते, म्हणून ते मला अधिक मोलाचे वाटतात.

हिंसेच्या बाबतीत वयाची सूचना मुखपृष्ठावर ठळक असावी, एवढं मला पुरेसं वाटतं. लहान मुलाला हिंसक चित्रांचा त्रास होतो, यात शंका नाही. पण तो बहुधा भीतीचा, उडालेल्या झोपेचा असतो, आणि त्यावर वयोगट हाच नेमका उपाय आहे. सोळा वर्षांच्या वाचकाला तेच चित्र युद्धाबद्दल विचार करायला लावू शकतं.

मराठीत कॉमिक्स करणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची पाहायला हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांहूनही कमी होते, पण तंबाखू, गुटखा, मिश्री असा धूर नसलेला तंबाखू वापरणारे दर चारांत जवळपास एक. आपल्याकडचा मुलगा सिगारेटपेक्षा मळलेल्या तंबाखूकडे जाण्याचा संभव अधिक. त्यामुळे सिगारेट खोडायची आणि विनोदी हवालदाराला तळहातावर तंबाखू-चुना मळताना दाखवायचं, तर हेतूच फसतो. गावाकडचं वातावरण उभं करायला चित्रकाराकडे याखेरीज शंभर गोष्टी आहेत.

भारतात उद्या यासाठी नवे नियम करायचे ठरलेच, तर १९५६ सालच्या ‘तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियमा’चा साचा घेऊ नये. ब्रिटनच्या १९५५ सालच्या कायद्यामागोमाग आलेल्या या कायद्यात गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या घटना मुख्यत्वे दाखवणाऱ्या आणि तरुण मन बिघडवतील अशा प्रकाशनांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘तरुण व्यक्ती’ म्हणजे वीस वर्षांखालची. अठराव्या वर्षी मतदान करणाऱ्या नागरिकाला त्यात हिंसेच्या चित्रांपासून जपलं आहे, आणि बारा वर्षांच्या मुलासमोरच्या तंबाखूच्या चित्राबद्दल त्या व्याख्येत एक शब्दही नाही. सिनेमा, दूरचित्रवाणी आणि २०२३ पासून ओटीटीसाठी तंबाखूच्या दृश्यांवर धोक्याची सूचना सक्तीची झाली आहे. मोबाइलवर सरकवत वाचायच्या चित्रकथा त्याच पडद्यावर, तीच मुलं वाचतात. सुरुवात तिथून करता येईल.