घोड्याचं पोट सुटलंय की चरबी चढलीय? आधी हात लावून बघा

घोड्याचं पोट खाली आलेलं दिसलं की कोणीतरी लगेच सांगतं, "जाड झालाय, खाणं कमी कर." मला हे ऐकून खरंच काळजी वाटते, कारण सुटलेलं पोट आणि चढलेली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपाय जवळपास उलटे आहेत.

बाजूने बघून कळत नाही, घोड्याच्या अंगावर हात फिरवा. हलका दाब देऊनही बरगड्या लागत नसतील, खांद्यामागे आणि शेपटीच्या मुळाशी मऊ गोळा लागत असेल, आयाळीखालची मान कडक फुगलेली असेल आणि कमरेवर मधोमध पन्हळ पडली असेल, तर ती चरबी. आणि पोट लोंबतंय पण बरगड्या पटकन हाताला लागतात, पाठीचा कणा वर आलाय, पुठ्ठे आत गेलेत, तर हा घोडा जाड नाहीच, उलट त्याचे स्नायू कमी झालेत. डॉक्टर लोक अंगावरच्या चरबीला 1 ते 9 असे गुण देतात, ही पद्धत 1983 मध्ये हेनेके नावाच्या संशोधकाने मांडली, त्यात 5 म्हणजे बरोबर, 7 आणि त्यावर जादा, आणि गंमत म्हणजे त्यात पोट मोजतच नाहीत.

पोट सुटतं ते बहुतेक वेळा जून, काड्याकाड्यांच्या चाऱ्यामुळे. असा चारा मोठ्या आतड्यात बराच वेळ कुजत राहतो, त्यात प्रथिनं कमी, वर जंत असतील किंवा काम नसेल तर पाठ अजून उतरते. अशा घोड्याचं खाणं तोडलं तर उरलेले स्नायूही जातात. त्याला कोवळं चांगलं गवत, थोडा लसूणघास (ल्यूसर्नचा हिरवा चारा), शेण तपासून जंताचं औषध आणि हळूहळू वाढवत नेलेली दुडकी द्या. घोडी असेल तर गाभण नाही ना तेही बघा. म्हातारा घोडा असेल, केस लांब वाढलेत आणि झडत नाहीत, तर डॉक्टरांना दाखवाच, तो ग्रंथींचा आजार असू शकतो.

चरबीवाल्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे प्रेमाने चंदी (धान्याचा खुराक), गूळ, हरभरा चालूच असतो आणि घोडा दिवसभर बांधलेला. इथे आधी गूळ आणि चंदी बंद करा, गवत बंद करू नका. 350 किलोच्या घोड्याला रोज साधारण 6 किलो वाळलं गवत लागतंच, तेही तीन-चार वेळा वाटून, आणि अर्धा-एक तास पाण्यात भिजवून निथळून दिलं तर साखर बरीच कमी होते (उन्हाळ्यात लगेच खायला घाला, आंबतं). जोडीला खनिज मिश्रण ठेवा. उपाशी ठेवणं मात्र अजिबात नको, विशेषतः तट्टू आणि गाढवांना, अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि जीव जाऊ शकतो. आणि पाय गरम लागत असतील, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलत असेल, तर व्यायाम थांबवा, हा लॅमिनायटिस (खुरांच्या आतली सूज) असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

फरक पडतोय का ते टेपने बघा, दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी. चरबीवाल्याचा कोपरामागचा छातीचा घेर कमी व्हायला हवा. पोट सुटलेल्याचा छातीचा घेर तसाच राहील किंवा थोडा वाढेलही, तिथे पोटाचा घेर उतरतोय का आणि पाठ भरतेय का ते बघायचं.