धोट्यातला दोरा

गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, दोरा गुंडाळलेली कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात (आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यात) बसवी, धोटा ओठांना लावी आणि दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून बारीक भोकातून बाहेर काढी. दिवसभरात असे कितीतरी वेळा. काम दोन-चार सेकंदांचे, पण मुंबईच्या कापडगिरण्यांत दलित कामगारांना साचेखात्याबाहेर, म्हणजे विणकामाच्या विभागाबाहेर, ठेवायला ते पुरेसे ठरले. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, मग विटाळ होणार! गंमत म्हणजे विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा जुना धंदा होता.

ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे कोकण-घाटावरून माणसांची रीघ लागली. महारवाड्यातून येणाऱ्यांच्या मागे वतन होते : इनामाचा तुकडा आणि बलुत्याचे धान्य यांच्या बदल्यात गावची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. लष्करातली महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. राहिली ती गिरणी, तिथला रोख पगार.

पण गिरणीतही पगाराची उतरंड होती. साचेखात्यात उक्ते काम, म्हणजे जितके कापड तितका पगार, म्हणून कमाई चांगली. तिथे मराठा आणि मुसलमान विणकरांचा भरणा होता. दलितांच्या वाट्याला आले सूत कातण्याचे रिंगखाते, जिथे पगार कमी. शिवाय भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती, आणि जॉबर माणसे आणणार ती आपल्या गावची, आपल्या जातीची. मालकाने वेगळा नियम करायची गरजच नव्हती.

१९२८ च्या एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. साचेखाते दलितांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. पुढारी कचरले. हे समजण्यासारखे आहे, कारण संपाचा कणा साचेखात्यातलेच कामगार होते आणि त्यांना दुखवायची कुणाची तयारी नव्हती. दलित कामगार संपातून बाहेर पडतील असा इशारा आंबेडकरांनी दिल्यावर मागणी यादीत आली, पण नाइलाजाने. मालकांपुढे ती गेली तेव्हा त्यांनी म्हटले की हा अन्याय असेल तर त्याचा दोष आमच्याकडे नाही. मालकांना हे सोयीचेच होते. तरीही ते खोटे नव्हते.

आपोआप दोरा ओवून घेणारा धोटा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आला होता. म्हणजे यंत्रापुरता पाहिला तर हा प्रश्न सुटण्यासारखा होता. पण साचेखात्यात नवा माणूस आला की कमाईत वाटेकरी येतो. माझ्या मते विटाळाच्या आड हा हिशोबही होताच.

१९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, तो या अनुभवानंतर. १९३६ मध्ये त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. तिथे त्यांनी गिरणीबरोबर रेल्वेचेही दाखले दिले. दलित माणूस रुळांची देखभाल करणारा गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमनच राहायचा. साध्या पोर्टरची जागाही त्याला मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत.