‘मायलो गोज टू कॉलेज’ : पॉप पंकच्या एका आद्य अल्बमची पार्श्वभूमी

१९८२ साली कॅलिफोर्नियातील ‘डिसेंडंट्स’ या चौघांच्या बँडचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात १५ गाणी होती आणि ती सगळी मिळून सुमारे २२ मिनिटांत संपत होती. बँडचा गायक मायलो ऑकरमन जीवशास्त्र शिकण्यासाठी बँड सोडून निघाला होता, म्हणून अल्बमचे नावच ‘मायलो गोज टू कॉलेज’ असे ठेवण्यात आले. पॉप पंक, म्हणजे आखूड, बंडखोर पंक रॉकचा सुरेल प्रकार, म्हटले की आज बहुतेकांना ग्रीन डे किंवा ब्लिंक-१८२ या बँडची नावे आधी आठवतात. परंतु हार्डकोअर पंकचा, म्हणजे पंकच्या अधिक आक्रमक रूपाचा, वेग, त्या वेगातही गुणगुणता येईल अशी चाल आणि शाळकरी वयातील अपमान, प्रेमभंग, आईवडिलांशी होणारे खटके हा विषय, असा या संगीताचा जो पिंड आहे, तो त्यांच्या यशाआधी दहाबारा वर्षे या अल्बममध्ये पूर्णपणे घडलेला दिसतो. पंक सौम्य करून बाजारात खपवण्यासाठी त्यात ‘पॉप’ मिसळले गेले, असा आरोप या प्रकारावर नेहमी होतो. डिसेंडंट्सचा इतिहास पाहिला तर हा आरोप निदान उगमापाशी टिकत नाही.

लॉस एंजेलिसच्या नैऋत्येला समुद्रालगत पसरलेल्या साउथ बे या भागात एल सेगुंडो, मॅनहॅटन बीच, हर्मोसा बीच, रेडोंडो बीच ही छोटी शहरे एकमेकांना चिकटून वसलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर या परिसरात विमाने, क्षेपणास्त्रे आणि उपग्रह बनवणाऱ्या कंपन्यांचे जाळे उभे राहिले आणि तेथील अभियंत्यांच्या व कामगारांच्या कुटुंबांसाठी एकसारख्या घरांच्या वसाहती झाल्या. जवळच्याच हॉथॉर्नमधून १९६१ साली बीच बॉइज हा बँड निघाला आणि समुद्र, मोटारी व मुली यांवरची त्यांची सुरेल गाणी जगभर गेली. त्यानंतर दीड दशकाने त्याच पट्ट्यात, हर्मोसा बीचमध्ये, ग्रेग गिनने ‘ब्लॅक फ्लॅग’ हा अमेरिकी हार्डकोअरचा सर्वांत कठोर बँड उभा केला. अवघ्या काही मैलांच्या परिसरातील या दोन टोकांच्या मध्ये डिसेंडंट्सचा जन्म झाला, आणि दोन्हींचे संस्कार त्यांच्या संगीतात उतरले.

पंकमध्ये सुरेल चाल आधीपासून होतीच. न्यूयॉर्कच्या रामोन्सनी १९७६च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये साठच्या दशकातील पॉप गाण्यांचा साचा घेऊन तो दुप्पट वेगाने वाजवला होता, आणि इंग्लंडमधील बझकॉक्सनी पंकच्या आवाजात प्रेमाची तगमग मांडली होती. मात्र साउथ बेमधील मुलांना चालीची गोडी लागली ती मुख्यतः घराजवळच्या एका बँडमुळे. नोल्टी बंधूंचा ‘द लास्ट’ हा तो बँड. १९७९ साली त्यांचा पहिला अल्बम आला, त्यात साठच्या दशकातील गिटार पॉप आणि पंक यांची सरमिसळ होती. हा बँड फारसा प्रसिद्धीस आला नाही आणि इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा ओझरताच येतो, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. कारण वेगाने वाजवतानाही गाणे बांधायचे असते, हे डिसेंडंट्स ज्यांच्याकडून शिकले त्यांत द लास्टचे स्थान फार वरचे आहे.

१९७७च्या सुमारास फ्रँक नव्हेटा आणि नोल्टी बंधूंपैकी डेव्हिड यांनी मिळून गाणी रचायला सुरुवात केली, तेव्हा डिसेंडंट्स हे नाव पुढे आले. डेव्हिड पुढे भावांच्या बँडकडे वळला. ड्रमवर बिल स्टीव्हन्सन आला आणि बेसवर टोनी लोंबार्डो, जो बाकीच्यांपेक्षा वयाने बराच मोठा होता. या तिघांनी १९७९ साली पहिली दोन गाण्यांची तबकडी काढली. ती ऐकली तर समुद्रकाठच्या सर्फ संगीताची छाप स्पष्ट जाणवते, पण पुढच्या आक्रमकतेचा मागमूसही तिच्यात नाही. स्टीव्हन्सनच्या शाळेतील मायलो ऑकरमन हा जाड चष्म्याचा, अभ्यासू मुलगा तालमी ऐकायला येऊ लागला आणि १९८० साली गायक म्हणून बँडमध्ये सामील झाला.

मायलो आल्यावर गाण्यांचा वेग एकदम वाढला, आणि त्याचे मुख्य कारण ब्लॅक फ्लॅगचा शेजार हे होते. १९८१च्या आसपास लॉस एंजेलिसच्या उपनगरांत हार्डकोअरला उधाण आले होते. गाणी आखूड, वेगवान आणि संतप्त होत चालली होती, कार्यक्रमांत हाणामाऱ्या होत होत्या आणि पोलीस वारंवार मध्ये पडत होते. त्याच वर्षी डिसेंडंट्सची जी पाच गाण्यांची तबकडी निघाली, तिच्यातील काही गाणी तर वीस सेकंदांच्या आतच संपतात आणि त्यांचे विषय खाणे, वडिलांवरचा राग असे आहेत. या टप्प्यावर बँडने चाल जवळजवळ टाकून दिली होती. पहिल्या अल्बमचे महत्त्व मला याच कारणाने मोठे वाटते: तेथे हा बँड १९७९च्या सुरेलपणाकडे परतला, पण १९८१चा वेग आणि धार हातची न सोडता परतला.

जून १९८२मध्ये रेडोंडो बीचच्या टोटल ॲक्सेस स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. निर्माता होता स्पॉट या नावाने ओळखला जाणारा ग्लेन लॉकेट, ज्याने ब्लॅक फ्लॅग आणि मिनिटमेन यांच्या ध्वनिमुद्रिकाही केल्या होत्या. अल्बम काढला तो ‘न्यू अलायन्स’ या छोट्या लेबलने. सॅन पेड्रोच्या मिनिटमेन बँडमधील डी. बून आणि माइक वॉट यांनी मार्टिन टॅम्बुरोविचच्या साथीने ते १९८० साली सुरू केले होते. म्हणजे गाणारे, मुद्रण करणारे आणि प्रकाशित करणारे सगळे एकाच किनाऱ्यावरचे, एकमेकांच्या कार्यक्रमांना जाणारे लोक होते. मोठ्या कंपनीचा संबंध नव्हता आणि रेडिओवर ही गाणी वाजतील अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. ऐकणाऱ्याला गाठायचे म्हणून चाल सोपी केली, असे म्हणायला येथे जागाच उरत नाही.

चौघेही गाणी लिहीत असत, त्यामुळे अल्बममध्ये चार स्वभाव ऐकू येतात. स्टीव्हन्सनच्या गाण्यांत मुलींकडून झालेली उपेक्षा आणि तिच्यामुळे आलेली कडवट हळहळ आहे. नव्हेटा सर्वांत रागीट. श्रीमंत, देखण्या आणि लोकप्रिय मुलांविषयीचा त्याचा संताप ‘आय एम नॉट अ लूझर’मध्ये फुटून बाहेर येतो. याच गाण्यात समलिंगी व्यक्तींना हिणवणारे शब्द आहेत आणि ते त्या काळच्या शाळकरी भाषेत सर्रास वापरले जात, एवढ्याने त्यांचे समर्थन होत नाही. स्वतः चिडवले जाणाऱ्या मुलाने दुसऱ्या चिडवल्या जाणाऱ्यांवरच शब्द फेकावेत, हे या अल्बमचे खरे वैगुण्य आहे. लोंबार्डोच्या ‘सबर्बन होम’मधला निवेदक आईवडिलांसारखे उपनगरातले घर मागतो, आणि तो तसे मनापासून म्हणतो की कसे, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. पंक बँडने उपनगराची केवळ टर उडवावी, हा त्या काळचा संकेत होता; या गाण्याने तो मोडला. मायलोने लिहिलेले ‘होप’ हे मात्र सरळ प्रेमाचे गाणे आहे: जी दुसऱ्याच्या प्रेमात आहे तिच्याबाबतीत एक दिवस आपली वेळ येईल, या हट्टाचे. इतक्या वेगवान संगीतावर इतकी उघडी दुखरी भावना गाण्याची रीत पुढे संपूर्ण पॉप पंकने उचलली.

मुखपृष्ठामागेही इतिहास आहे. शाळेत असताना एका मित्राने मायलोला हिणवण्यासाठी त्याची चष्मेवाल्या पुस्तकी मुलाच्या रूपातील व्यंगचित्रे काढली होती. त्या कल्पनेवरून जेफ ॲटकिन्सनने अल्बमसाठी नवे चित्र रेखाटले: चौकोनी चष्मा, गळ्यात टाय, काही मोजक्या रेषा. कातडी जाकिटे आणि उभारलेले केस यांच्या त्या काळात पंकच्या तबकडीवर असा मुलगा झळकावा, हे धाडसच म्हटले पाहिजे. तेच चित्र थोड्याफार फरकाने बँडची कायमची खूण झाले.

अल्बम आला तेव्हा बँड प्रत्यक्षात विखुरत होता. मायलो सॅन डिएगोला शिकायला गेला, स्टीव्हन्सन ब्लॅक फ्लॅगमध्ये ड्रम वाजवू लागला, आणि नव्हेटा पुढे ओरेगॉनला जाऊन मासेमारीवर जगू लागला. १९८५ साली बँड पुन्हा उभा राहिला, १९८७मध्ये मायलो संशोधनासाठी पुन्हा बाहेर पडला आणि उरलेल्यांनी ‘ऑल’ या नावाने वाजवणे चालू ठेवले. मायलोने जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, डेलावेअरमध्ये ड्युपाँट कंपनीत वनस्पतींवर संशोधन केले, आणि २०१६ साली ती नोकरी सुटल्यावरच तो पूर्णवेळ गायक झाला. स्टीव्हन्सनने १९९४ साली कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे ‘द ब्लास्टिंग रूम’ हा स्टुडिओ काढला, जेथे पुढच्या पिढीतील अनेक पंक बँडचे अल्बम तयार झाले.

त्याच १९९४ साली ग्रीन डेचा ‘डूकी’ बाजारात आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. त्यामागोमाग आलेल्या ब्लिंक-१८२च्या सदस्यांनी डिसेंडंट्सचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. चौघांपैकी नव्हेटा, लोंबार्डो आणि स्टीव्हन्सन हे तिघे वादक मात्र २००२ साली पुन्हा एकत्र आले आणि पहिल्या अल्बमच्याही आधीची, १९७७ ते १९८० या काळातील गाणी त्यांनी वाजवून मुद्रित केली. नव्हेटा २००८ साली वारला. मायलोचे गायन २०२०मध्ये त्या मुद्रणावर चढवले गेले आणि २०२१ साली तो अल्बम ‘नाइन्थ अँड वॉलनट’ या नावाने प्रसिद्ध झाला; हे नाव लाँग बीचमधील त्या चौकाचे आहे, जेथे सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्या तालमी चालत.