ब्राउझर प्लग-इन अपडेट

ब्राउझरला स्वतःला जे दाखवता येत नाही ते दाखवण्यासाठी त्याला जोडलेल्या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला प्लग-इन म्हणतात. त्यात गंभीर सुरक्षा-त्रुटी सापडली की जुनी आवृत्ती काढून दुरुस्त आवृत्ती बसवणे म्हणजे प्लग-इन अपडेट. ॲडोबी फ्लॅश प्लेअर, ओरॅकल जावा, मायक्रोसॉफ्ट सिल्व्हरलाइट आणि ॲक्रोबॅट रीडर ही त्यांतली एके काळी घरोघरी पोचलेली नावे. नेटस्केप नॅव्हिगेटरने १९९० च्या दशकाच्या मध्याला एनपीएपीआय हा जोडमार्ग आणला, तर मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ३ बरोबर ॲक्टिव्हएक्स. पुढची वीसेक वर्षे व्हिडिओ, खेळ, बँकेचे फॉर्म, डिजिटल सही हे सगळे याच दोन वाटांनी ब्राउझरमध्ये येत राहिले, आणि हल्लेखोरही त्याच वाटांनी आले.

धोका कशामुळे

प्लग-इन हा मूळ यंत्रभाषेतला प्रोग्राम असतो आणि जुन्या रचनेत तो वापरकर्त्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालत असे. त्याला खाद्य मात्र अनोळखी वेबसाइटवरून मिळते. फ्लॅशची फाइल जाहिरातीच्या चौकटीतूनही येत असल्यामुळे वर्तमानपत्राचे नेहमीचे पान उघडणे एवढेही पुरेसे ठरे. कुठे क्लिक करावे लागत नसे. ब्लॅकहोल, अँगलर यांसारखे तयार हल्ला-संच भाड्याने मिळत. पान उघडताच हा संच जावास्क्रिप्टने प्लग-इनची आवृत्ती विचारून घेई आणि त्या आवृत्तीला लागू पडणारे हत्यार पाठवी. अपडेट केलेला संगणक तो सहसा सोडून देई. त्यामुळे मागे पडलेली आवृत्ती हीच निवड होण्याची खूण ठरे.

ब्राउझर वापरला नाही तरी सुटका होतेच असे नाही. मार्च २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीत शिरकाव झाला तो ईमेलने आलेल्या एक्सेल फाइलमधून. त्या फाइलच्या पोटात फ्लॅशचा तुकडा होता. एक्सेलने ॲक्टिव्हएक्स फ्लॅशला हाक मारली आणि बाकीचे काम सीव्हीई-२०११-०६०९ या त्रुटीने केले (सीव्हीई म्हणजे माहीत झालेल्या त्रुटींना दिला जाणारा सार्वजनिक क्रमांक).

जुलै २०१५ : एका बाइटची गोष्ट

५ जुलै २०१५ रोजी इटलीतील हॅकिंग टीम या पाळत-सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची सुमारे ४०० जीबी माहिती फुटली. त्यात फ्लॅशमधली, तोवर कोणालाच ठाऊक नसलेली एक त्रुटी वापरण्याच्या कृतीसह पडलेली होती. तिला पुढे सीव्हीई-२०१५-५११९ हा क्रमांक मिळाला.

फ्लॅशमध्ये बाइटॲरे नावाची, लांबी कमी-जास्त करता येणारी साठवण असते. तिच्या एखाद्या घरात आकड्याऐवजी ऑब्जेक्ट ठेवायला सांगितले, तर फ्लॅश त्या ऑब्जेक्टला 'तुझी किंमत काय?' असे विचारतो. हे उत्तर देणारे फंक्शन मात्र हल्लेखोराने लिहिलेले असते. ते उत्तर देता देता त्याच बाइटॲरेची लांबी वाढवते. जुनी जागा मोकळी होते आणि तिथे हल्लेखोराचा व्हेक्टर, म्हणजे आपली लांबी सोबत नोंदवून ठेवणारी आकड्यांची रांग, येऊन बसतो. फ्लॅशने मात्र जुना पत्ता आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि उत्तर येताच तो डोळे झाकून तिथेच एक बाइट लिहितो. तो बाइट नेमका व्हेक्टरच्या लांबीच्या आकड्यात पडतो. काही शे घरांचा व्हेक्टर त्यामुळे कोट्यवधी घरांचा असल्याचे फ्लॅश समजू लागतो, आणि इतकी मेमरी वाचता-लिहिता आली की संगणक हातात आल्यासारखाच. अशा चुकीला 'मोकळ्या केलेल्या जागेचा वापर' म्हणतात; फ्लॅशच्या गंभीर त्रुटींत हा प्रकार वारंवार दिसे.

ॲडोबीने ८ जुलैला १८.०.०.२०३ ही आवृत्ती काढली. तोवर हल्ला-संचांनी ही त्रुटी उचललेलीही होती. त्याच फुटलेल्या ढिगात आणखी दोन त्रुटी निघाल्या, ५१२२ आणि ५१२३. त्यामुळे नुकतीच आलेली दुरुस्तीही अपुरी पडली. मोझिलाने १८.०.०.२०३ पर्यंतच्या सर्व आवृत्त्या फायरफॉक्समध्ये अडवल्या आणि १४ जुलैला १८.०.०.२०९ आली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाच्या मदतीने तिच्यात व्हेक्टरच्या लांबीची पडताळणी आणि व्हेक्टरसाठी वेगळी मेमरी हे दोन बदल आले. एक भोक बुजवण्यापेक्षा हे काम मोलाचे होते, कारण पुढची त्रुटी सापडली तरी जुनी युक्ती तशीच्या तशी चालणार नव्हती.

अपडेट बसवताना

ॲडोबी प्रत्येक दुरुस्तीसोबत सूचनापत्रक काढते आणि त्यात प्राधान्यक्रम देते. पहिला प्राधान्यक्रम असेल तर ७२ तासांच्या आत बसवावी, दुसरा असेल तर ३० दिवसांत, तिसरा सोयीने. ७२ तासांची मुदत ऐकायला सैल वाटते, पण पहिला क्रम बहुधा हल्ले सुरू झाल्यावर, किंवा होण्याची दाट शक्यता असतानाच लागतो. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते कोणालाही शोधता येते. म्हणजे अपडेट आल्याच्या दिवसापासून न बसवणाऱ्याचा धोका वाढतो. २०१२ च्या अखेरीपासून फ्लॅशच्या नियमित दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टच्या वेळापत्रकाशी जुळवून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येऊ लागल्या. त्या येत तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण सकाळचे दहा, तर भारतात ऋतूनुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असत. म्हणून इथल्या संगणक विभागांना या दुरुस्त्या बुधवारी सकाळी दिसत.

सगळ्यात जास्त फसगत होई ती प्रतींच्या संख्येने. एकाच विंडोज संगणकावर फ्लॅशच्या तीन प्रती असू शकत : इंटरनेट एक्सप्लोररसाठी ॲक्टिव्हएक्स, फायरफॉक्ससाठी एनपीएपीआय आणि ऑपेरा-क्रोमिअमसाठी पीपीएपीआय (क्रोमच्या कुटुंबातल्या ब्राउझरांचा जोडमार्ग). तिन्हींचे इन्स्टॉलर वेगळे. फायरफॉक्समध्ये अपडेट करून 'झाले' म्हणणाऱ्याच्या संगणकावर एक्सप्लोररची जुनी प्रत तशीच राही, आणि वर सांगितलेली एक्सेल फाइल वापरते ती हीच. क्रोमची प्रत क्रोमसोबत येई आणि त्याच्या घटकांच्या पानावर जाऊन ताजी करता येई. विंडोज ८ पासून एक्सप्लोररची प्रत विंडोज अपडेटमधून येऊ लागली. म्हणून बसवल्यानंतर प्रत्येक ब्राउझर उघडून त्यात आवृत्ती-क्रमांक पाहणे हाच पक्का पुरावा असे. चारही आकडे जुळवावे लागत, पहिले दोन पुरत नसत.

दुसरी अडचण ब्राउझर उघडा ठेवण्याची. प्लग-इनची फाइल वापरात असेल तर विंडोज ती बदलू देत नाही. नवी फाइल शेजारी येई, जुनी पुढच्या रीस्टार्टपर्यंत मेमरीत चालत राही आणि इन्स्टॉलर मात्र यशाचा संदेश देई. आधी सगळे ब्राउझर आणि फ्लॅश वापरणारे मेसेंजर बंद करावे लागत, टास्क मॅनेजरमध्ये मागे काही उरले आहे का ते पाहावे लागे, मगच इन्स्टॉलर चालवायचा. नवी आवृत्ती बसल्यावर जुना इन्स्टॉलर चालत नसे, कारण किमान सुरक्षित आवृत्तीची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीत, झालेली असे. मुद्दाम मागे जायचे असेल तर आधी पूर्ण अनइन्स्टॉल करावे लागे.

मार्च २०१२ मध्ये फ्लॅश ११.२ ने विंडोजवर मागच्या मागे होणारे अपडेट आणले आणि शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, हे काम करू लागला. सगळी इंटरनेट-ये-जा प्रॉक्सी या मधल्या सर्व्हरमधून होणाऱ्या कार्यालयांत मात्र हा टास्क अनेकदा बाहेर पोचत नसे. तिथे एमएमएस-सीएफजी (mms.cfg) या मांडणी-फाइलमध्ये स्वयं-अपडेट बंद करून प्रशासकाने स्वतः इन्स्टॉलर वाटणे बरे असे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट फ्लॅशची ही फाइल सिसवाऊ६४ (SysWOW64) फोल्डरमधल्या मॅक्रोमेड-फ्लॅश फोल्डरात लागे. ती सिस्टिम३२ मध्ये ठेवून 'लागू का होत नाही' म्हणून डोके धरणे ही नेहमीची चूक.

जावाचे वेगळे दुखणे

जावाच्या नियमित दुरुस्त्या ओरॅकल वर्षातून चारदा काढते : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. जावा ६ आणि जावा ७ एकमेकांना न हलवता शेजारी नांदत, ३२-बिट आणि ६४-बिट प्रती वेगळ्या असत. ६४-बिट जावा ताजा करून निर्धास्त झालेल्याच्या ३२-बिट ब्राउझरला जुनाच जावा मिळे. म्हणून प्रोग्राम्सच्या यादीत जाऊन जुन्या नोंदी हाताने काढाव्या लागत. जानेवारी २०१३ मध्ये जावा ७ अपडेट १० मधल्या त्रुटीवर इतके हल्ले झाले की अमेरिकी सरकारच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधला जावा बंदच करायला सांगितले. अपडेट ११ दोन-तीन दिवसांत आले आणि त्याने सुरक्षा-पातळी आपोआप वरची केली.

दुरुस्ती निघणे आणि ती हातात पडणे यांतल्या अंतराचा ठळक नमुना मॅकवर दिसला. सीव्हीई-२०१२-०५०७ ही जावाची त्रुटी ओरॅकलने फेब्रुवारी २०१२ मध्येच दुरुस्त केली होती. मॅकवरचा जावा मात्र त्या वेळी ॲपल स्वतः वाटत असे आणि ॲपलची दुरुस्ती ३ एप्रिलला आली. मधल्या काळात फ्लॅशबॅक या मालवेअरने सहा लाखांहून अधिक मॅक संगणकांत घर केले.

महाराष्ट्रात जावा प्लग-इनशी गाठ पडे ती ठेकेदारांची आणि सनदी लेखापालांची. ई-निविदेवर यूएसबी टोकनमधली डिजिटल सही करायला ॲपलेट, म्हणजे वेबपानात चालणारा जावाचा छोटा प्रोग्राम, लागे. जानेवारी २०१४ च्या जावा ७ अपडेट ५१ ने विश्वासू प्रमाणपत्र नसलेली ॲपलेट अडवायला सुरुवात केली, तेव्हा निविदेच्या शेवटच्या दिवशी सही होईना. यावर 'जावा अपडेटच नको' हा तोडगा अनेकांनी काढला, आणि तो घातक होता. तेव्हाची योग्य वाट अशी होती : जावा ताजा ठेवावा, जावा कंट्रोल पॅनेलच्या सुरक्षा पानावरील अपवाद-यादीत फक्त त्या पोर्टलचा पत्ता घालावा, सहीसाठी एक ब्राउझर वेगळा राखावा आणि रोजच्या ब्राउझरमध्ये जावा बंद ठेवावा.

नकली अपडेट

'तुमचा फ्लॅश जुना झाला आहे' ही पाटी लोकांच्या इतकी सवयीची झाली की चोरांनी तीच उचलली. फ्लॅशबॅक २०११ मध्ये पहिल्यांदा आला तो फ्लॅशचा इन्स्टॉलर बनून. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी रशिया आणि युक्रेनमध्ये पसरलेले बॅड रॅबिट हे खंडणीखोर सॉफ्टवेअरही घुसखोरी झालेल्या वेबसाइटांवर फ्लॅश अपडेटची खिडकी दाखवत असे. वेबपानाने सुचवलेले अपडेट कधीच घेऊ नये. पत्ता स्वतः टाइप करून उत्पादकाकडूनच घ्यावे. मिळालेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिजिटल सह्यांच्या पानावर उत्पादकाचे नाव आणि सही वैध असल्याचा शेरा पाहावा. खऱ्या इन्स्टॉलरसोबतही अँटिव्हायरस-तपासणी किंवा टूलबार गळ्यात मारणारी खूण आधीच केलेली असे. ती काढायला विसरून चालत नसे.

काढून टाकणे हेच अपडेट

क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये एनपीएपीआय पूर्ण बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लग-इन्स सोडली. जावा ११ मधून, सप्टेंबर २०१८ ला, प्लग-इन गेले. फ्लॅशचा शेवट ॲडोबीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केला होता. ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच मजकूर दाखवणे थांबवले. साडेतीन वर्षे मिळूनही सगळे तयार नव्हतेच. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याने फ्लॅशमधले फॉर्म चालावेत म्हणून स्वतःचा ब्राउझर काढला. जुने खेळ आणि शैक्षणिक ॲनिमेशन पाहण्यापुरता आज रस्ट भाषेत लिहिलेला रफल हा अनुकारक, म्हणजे जुन्या प्लेअरसारखे वागणारे वेगळे सॉफ्टवेअर, बरा, कारण मूळ प्लेअरचे एकही यंत्रभाषेतले भोक त्याच्याबरोबर येत नाही.

जुन्या संगणकावर फ्लॅश उरला असेल तर केबी४५७७५८६ हे विंडोज अपडेट तो काढते, पण फक्त विंडोजने स्वतः दिलेली प्रत. हाताने बसवलेल्या एनपीएपीआय आणि पीपीएपीआय प्रतींना ते हात लावत नाही. त्या ॲडोबीच्या अनइन्स्टॉलरने, सगळे ब्राउझर बंद करून काढाव्या लागतात. नंतर संगणक रीस्टार्ट करून सिस्टिम३२ आणि सिसवाऊ६४ या दोन्ही ठिकाणचे मॅक्रोमेड फोल्डर उघडून पाहावेत. तिथे ओसीएक्स (.ocx) किंवा डीएलएल (.dll) प्रकारची प्लग-इनची फाइल अजून दिसत असेल, तर फ्लॅश गेलेला नाही. फाइलच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते, त्यावरून कोणती प्रत मागे राहिली ते कळते.