सिनॅप्टिक ठेवायचं की काढायचं?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एखाद्या कॉलेजची लॅब लिनक्सवर न्यायची ठरली, की डेस्कटॉप कोणता घ्यावा यावर फारसं अडत नाही. अडतं ते पहिल्या आठवड्यात: ‘भो, याच्यात व्हीएलसी कुठून टाकू?’ विंडोजवर सेटअपची फाइल आणायची आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटायचं, ही सवय हातात मुरलेली असते. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या) रिपॉझिटरीतून, म्हणजे ऑनलाइन कोठारातून येतं. ते आणून देणारी खिडकी धड नसेल, तर पोरं महिन्याभरात पुन्हा विंडोज मारून मोकळी होतात. ही खिडकी कोणती असावी, हा वाद वीस वर्षांहून जुना आहे, आणि सिनॅप्टिक ही त्यातली एक जुनी खिडकी.

डेबियनमध्ये आधी डीसिलेक्ट होतं. मजकुराच्या पडद्यावर याद्या, आणि कुठलं बटण दाबलं की बाहेर पडता येतं हे कळायलाच वेळ जायचा. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर एपीटी आलं, टर्मिनलवर आज्ञा टाइप करून चालवायचं साधन. एक पॅकेज (प्रोग्रॅमचा बांधलेला गठ्ठा) मागितलं की त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइली) तेच शोधून आणायचं. तेव्हा डेबियनमध्ये सव्वादोन हजारांच्या आसपास पॅकेजेस होती. डेबियन १२ मध्ये ती ६४ हजारांच्या वर गेली. एवढ्या पसाऱ्यात नाव पाठ असल्याशिवाय टर्मिनलवर काय टाइप करणार?

उत्तर आलं ब्राझीलमधून. तिथल्या कोनेक्टिवा कंपनीने एपीटी आरपीएम या डेबियनहून वेगळ्या जातीच्या पॅकेजेसवर चालवून दाखवलं होतं, आणि २००१ च्या सुमारास तिथल्याच आल्फ्रेडो कोजिमाने त्यावर सिनॅप्टिक उभं केलं. पुढे ते गुस्ताव्हो निमायर आणि मग मायकेल फोग्ट यांच्याकडे गेलं. दिसायला रुक्ष: डावीकडे विभाग, उजवीकडे हजारो नावं, प्रत्येकापुढे एक चौकोन. पण ‘अप्लाय’ दाबलं की काम सुरू होण्याआधी ते हिशेब मांडतं: किती पॅकेजेस येणार, किती जाणार, किती एमबी डाउनलोड, डिस्कवर किती जागा. माझ्या मते अजून सॉफ्टवेअरच्या एकाही देखण्या दुकानाला हा हिशेब इतका सरळ मांडता आलेला नाही.

खान्देशात सिनॅप्टिकची किंमत कळली ती नेटच्या दुष्काळात. चोपडा, शहादा, शिरपूरकडे मशीन घरात आणि नेट तालुक्याच्या कॅफेत, असा तो काळ. सिनॅप्टिकच्या ‘फाइल’ मेनूत एक सोय आहे: हवी ती पॅकेजेस निवडायची आणि डाउनलोडची स्क्रिप्ट बनवून पेनड्राइव्हवर घ्यायची. कॅफेत अर्थात विंडोज, तिथे स्क्रिप्ट चालणार नाही. मग ती नोटपॅडमध्ये उघडायची आणि आतले पत्ते एकेक करून ब्राउझरमध्ये चिकटवायचे. आलेल्या डेब फाइली (डेबियन-उबुंटूची पॅकेजेस) घरी आणून त्याच मेनूतून ‘डाउनलोड केलेली पॅकेजेस जोडा’ म्हणायचं. मधल्या काळात रिपॉझिटरीत नवी आवृत्ती आली असेल, तर जुना पत्ता मेलेला निघायचा आणि फेरी फुकट. तरी जमायचं.

उबुंटूला हे रूप नवख्यांसाठी जड वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. व्हीएलसी शोधणाऱ्याला त्याच्या पंधरा लायब्ररींशी काय देणंघेणं? २००५ च्या ऑक्टोबरात ‘ॲड ॲप्लिकेशन्स’ची साधी खिडकी आली, २००९ मध्ये सॉफ्टवेअर सेंटर. त्यात चित्रं, पुढे लोकांचे अभिप्राय आणि विकत घ्यायचे प्रोग्रॅमही. ११.१० आवृत्तीपासून सिनॅप्टिक उबुंटूच्या सीडीवरून गेलं. सॉफ्टवेअर सेंटर मात्र जुन्या मशीनवर उघडायलाच इतका वेळ घ्यायचं, की तोवर माणूस टर्मिनलवर काम उरकून चहाला जाई. २०१६ मध्ये त्याच्या जागी ग्नोम सॉफ्टवेअर, २०२० मध्ये स्नॅप स्टोअर, २३.१० मध्ये नवं ॲप सेंटर. दर चार-पाच वर्षांनी दुकान बदलतं, आणि शिकवणाऱ्याच्या नोट्स रद्दीत जातात.

गंमत अशी, की सिनॅप्टिक सांभाळलेले निमायर आणि फोग्ट हे दोघेही पुढे उबुंटूच्या कंपनीत, कॅनॉनिकलमध्ये, स्नॅप या नव्या पॅकेज-पद्धतीच्या कामात होते. सुटी डेब फाइल टाकून देणारं जीडेबीसुद्धा फोग्टचंच. तेव्हा ‘जुनं विरुद्ध नवं’ असं भांडण लावणाऱ्यांनी थोडं जपून.

२०१६ नंतर स्नॅप आणि फ्लॅटपॅक या दोन नव्या पद्धती आल्या, तसा प्रश्नच बदलला. दोन्ही आपल्या लायब्ररी सोबत घेऊन येतात, म्हणून प्रोग्रॅम नवा आणि कुठल्याही डिस्ट्रोवर चालतो. पण पहिल्याच वेळी शेकडो एमबी उतरतात. स्नॅप तर आपणहून अपडेट होतो. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर यावल-रावेरकडचा विद्यार्थी हॉटस्पॉट लावून बसलेला असेल, तर त्याला हे परवडत नाही. लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपला दार बंद केलं, पण त्यांचं कारण वेगळं होतं: स्नॅपचा सर्व्हर एकट्या कॅनॉनिकलच्या हातात आहे आणि त्याचा कोड खुला नाही.

पूर्ण मुक्त (सगळा कोड खुला असलेल्या) डिस्ट्रोंना तर आणखी एक अडचण. स्पेनच्या व्हिगो विद्यापीठातून २००४ मध्ये सुरू झालेलं ट्रिस्क्वेल उबुंटूवर बेतलेलं आहे, मात्र मुक्त नसलेलं सगळं काढून. मुक्त सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नियमांनुसार अशा डिस्ट्रोने बंदिस्त सॉफ्टवेअर सुचवायचंही नसतं. आता फ्लॅटहबची, म्हणजे फ्लॅटपॅकच्या कोठाराची, यादी दाखवणारं दुकान बसवलं, तर पहिल्याच पानावर बंदिस्त प्रोग्रॅम हजर. म्हणजे देखणं दुकान निवडताना आधी त्याच्या मालाचा उगम तपासावा लागतो. सिनॅप्टिक इथे बिनघोर, कारण ते फक्त नेमून दिलेल्या रिपॉझिटरी वाचतं. त्याचं दुखणं दुसरं: अख्खी खिडकी रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालते, आणि वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेच्या डेस्कटॉपला ते रुचत नाही.

लॅबपुरतं बोलायचं तर दोन्ही ठेवावेत असं मी म्हणेन: विद्यार्थ्यांसाठी चित्रांचं दुकान, लॅब सांभाळणाऱ्यासाठी सिनॅप्टिक. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सिनॅप्टिकवर पाठ आहे, तेवढा पाहिला तरी हात बसतो. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी हे आलेल्या पॅकेजेसचा साठा ठेवणारं साधन बसवलं, की तीस मशीनना लागणारं डेब पॅकेज बाहेरून एकदाच येतं आणि बाकीच्यांना लॅबमधूनच मिळतं, मग समोर खिडकी कुठलीही असो. स्नॅप या साठ्यातून जात नाही. तीस मशीन असतील तर तो तीसदा उतरतो.