मानसिक आजाराचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: ठाणे, नवी मुंबईतून अर्ज कसा करायचा

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र ओसीडी किंवा डिमेन्शिया असलेल्या माणसाच्या घरी औषधांच्या चिठ्ठ्यांनी पिशवी भरलेली असते, पण प्रमाणपत्राचा विषय निघतो तो बहुधा वडील निवृत्तीला आल्यावर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यातलाच एक. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (देशभर चालणारे दिव्यांगांचे ओळखपत्र) या दोन्हींसाठी एकच ऑनलाइन अर्ज असतो. त्याला शुल्क नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरण्याची मजुरी घेतो, तेवढीच.

आधी पात्रता, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. नुसत्या निदानावर प्रमाणपत्र मिळत नाही. आजारामुळे रोजचे जगणे किती अडते, ते ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर मोजले जाते. त्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम. ‘काम’ म्हणजे नोकरीच असे नाही, गृहिणीचे घरकाम आणि विद्यार्थ्याचे शिक्षणही त्यात येते. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात: दोन ते पाच वर्षांना 2, सहा ते दहा वर्षांना 3, दहा वर्षांच्या पुढे 4. एकूण 20 पैकी 7 किंवा अधिक गुण झाले तर दिव्यांगत्व 40 टक्क्यांवर जाते, आणि बहुतेक योजनांचे दार 40 टक्क्यांनाच उघडते.

समजा, सात वर्षे आजारी असलेला तरुण आहे. अंघोळीसाठी त्याच्या मागे लागावे लागते (1), नातेवाइकांत मिसळत नाही (2), बोलणे अधूनमधून विस्कळीत होते (1), नोकरी दोनदा सुटली आणि आता घरात किरकोळ कामे करतो (2). हे झाले 6, कालावधीचे 3, एकूण 9. म्हणजे 40 ते 70 टक्क्यांचा गट. हाच तरुण औषधांवर स्थिर होऊन नियमित कामाला जात असेल तर चारांची बेरीज 2 आणि एकूण 5 भरेल, म्हणजे 40 च्या खाली. निदान दोन्हीकडे तेच.

कागदपत्रे थोडीच लागतात, पण ती एकमेकांशी जुळायला हवीत. आधार कार्ड, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, ओटीपीसाठी हाताशी असलेला मोबाइल आणि उपचारांचे कागद. या शेवटच्या गठ्ठ्यावर मेहनत घ्या. सर्वात जुना केस पेपर, दाखल केले असल्यास डिस्चार्ज कार्ड आणि गेल्या वर्षभरातल्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावा. कालावधीचे गुण सर्वात जुन्या कागदावर ठरतात. 2014 पासून आजार आहे आणि कागद 2022 पासूनचे आहेत, तर आधीची वर्षे सिद्ध कशी करणार? जुने कागद हरवले असतील तर त्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाकडे लेखी मागणी करा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 25 नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे.

नावाचा घोळ स्त्रियांच्या बाबतीत हमखास होतो. केस पेपर माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत ठेवा.

अर्ज स्वावलंबन कार्ड या केंद्रीय पोर्टलवर भरायचा. तिथे दिव्यांगत्वाच्या प्रकारात ‘मानसिक आजार’ आणि ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. बौद्धिक म्हणजे जन्मापासून किंवा लहानपणापासून बुद्ध्यांक कमी असणे, त्याची तपासणी निराळी. फॉर्म भरणाऱ्याने घाईत चुकीचा पर्याय दाबला की रांग चुकते आणि फेरी फुकट जाते.

दुसरी अडखळण्याची जागा म्हणजे जिल्हा. नवी मुंबईचा पत्ता म्हटला की लोक डोळे मिटून ठाणे निवडतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात आहे खरा, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि उलवे रायगड जिल्ह्यात येतात. आधारवर खारघर आणि अर्जात ठाणे, असे करू नका. राहत्या जिल्ह्याचे रुग्णालय, किंवा जिथे या आजाराचे उपचार घेतले ते अधिकृत सरकारी रुग्णालय, यांपैकी निवडता येते. पोर्टलच्या यादीत जे दिसते तेच ग्राह्य धरा. ठाणे सिव्हिलची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झाली, त्यामुळे जुन्या आठवणीवर कोर्टनाक्याला जाऊ नका, आधी पत्ता विचारून घ्या.

सध्या सरकारी उपचार चालू नसतील तर अर्जाआधी सरकारी ओपीडीत एक-दोनदा दाखवलेले बरे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचे. पुणे, नागपूर आणि रत्नागिरीप्रमाणे इथेही रोज ओपीडी चालते आणि तिथे गेले म्हणजे दाखल करतात असे मुळीच नाही. ‘मेंटल’च्या फाटकातून आत जाताना कोणी पाहील म्हणून लोक वर्षे घालवतात. ते पाऊल अवघड आहे हे मान्य, पण तिथला तारखेचा शिक्का असलेला केस पेपर प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे वजनदार ठरतो. रात्री-अपरात्री नुसते बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

अर्ज झाला की नोंदणी क्रमांक मिळतो. बहुतेक रुग्णालयांत मानसिक आजाराच्या तपासणीचा वार ठरलेला असतो, तो विचारूनच निघा. सोबत रोज रुग्णाबरोबर राहणारी व्यक्ती हवी, दूरचा काका नको. कारण गुण देताना डॉक्टर घरच्यांनाच विचारतात. इथे एक गंमत होते. आई मुलाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेते आणि ‘तसा तो बरा आहे हो’ म्हणते. चार पाहुण्यांसमोर बोलावे तसे ती बोलते आणि गुण तिथेच कमी होतात. फुगवून सांगणेही अंगाशी येते, जुने कागद खोटे पाडतात. त्यापेक्षा महिनाभर वहीत साधी नोंद ठेवा: ‘सोमवार, अंघोळ तीनदा सांगून केली. मंगळवार, दुपारपर्यंत उठला नाही. गुरुवार, दूध आणायला गेला, सुटे पैसे न घेता परतला.’ असे एक पान ‘खूप त्रास आहे हो’ या वाक्याहून जास्त सांगते.

2024 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयाला निर्णयासाठी तीन महिने आहेत. कार्ड 40 टक्क्यांखाली पांढरे, 40 ते 80 च्या आत पिवळे, 80 आणि पुढे निळे. नकार मिळाला तर तो कारणांसह लेखी घ्या. त्याविरुद्ध 90 दिवसांत अपील करता येते आणि तोंडी नकारावर अपील होत नाही.

फायद्यांबद्दल सरमिसळ फार आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो, उत्पन्नाची अट वेगळी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या दिव्यांग योजना रहिवाशांसाठी आहेत. पालक सरकारी नोकरीत असतील तर मुलाच्या आजीवन कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हा कागद लागतोच, म्हणून तो पालक हयात असताना काढून सेवापुस्तकात नोंदवून घ्यावा. मात्र रेल्वेची दिव्यांग सवलत मानसिक आजाराला लागू नाही. निरामय विमाही नाही, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी आहे.

मानसिक आजाराचे प्रमाणपत्र पुष्कळदा तात्पुरते असते आणि मुदत त्यावरच छापलेली असते. तिच्या चार महिने आधी नूतनीकरणाला लागा. तोवर ओपीडीत जाणे बंद केले असेल, तर मंडळ पहिला प्रश्न त्यावरच विचारते.