सल्लामसलत कुणाशी झाली आणि सार्वमत कुणाचं होतं?

14 ऑक्टोबर 2023. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी 'व्हॉइस' ही सल्लागार संस्था राज्यघटनेत आणायचा प्रस्ताव सार्वमतात पडला. सुमारे 60 टक्के मतं विरोधात गेली. "बघा, तिथल्या आदिवासींनाच ते नको होतं," असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो चुकीचा आहे, कारण त्यात सार्वमत आणि सल्लामसलत यांची गल्लत होते.

सार्वमतात प्रश्न अख्ख्या देशाला विचारला होता. मूलनिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी, मिळून लोकसंख्येच्या 4 टक्क्यांहूनही कमी. मतदान सक्तीचं, त्यामुळे सिडनी-मेलबर्नमध्ये नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही मत द्यावं लागलं. शिवाय घटनाबदलासाठी देशभर बहुमत आणि सहापैकी किमान चार राज्यांतही बहुमत हवं. सहाही राज्यांनी नकार दिला. या आकड्यांतून देशाचा कौल कळतो, मूलनिवासींचा नाही. वाडेये आणि तिवी बेटांसारख्या, जवळजवळ सगळी वस्ती मूलनिवासींचीच असलेल्या दुर्गम भागांत तर मोठं बहुमत प्रस्तावाच्या बाजूने होतं.

घटनेत आपली दखल कशी घेतली जावी, हे मूलनिवासींना आधी विचारलं होतं, तेही नीट. डिसेंबर 2016 ते मे 2017 या काळात होबार्टपासून ब्रूम, डार्विन, केर्न्स, थर्सडे आयलंडपर्यंत 12 ठिकाणी बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीचं बोलावणं साधारण शंभर जणांना, आणि त्यातही साठ टक्के जागा त्या-त्या भूमीच्या परंपरागत हक्कदारांसाठी. उरलेल्यांपैकी निम्म्या स्थानिक संस्थांना, निम्म्या जाणत्या व्यक्तींना. मला यातली ही वाटणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. दार सर्वांना उघडं ठेवलं की बोलायची सवय असलेलेच पुढे येतात आणि मागे बसणारी माणसं मागेच राहतात. बैठक तीन दिवस चाले. घटना म्हणजे काय, ती बदलते कशी, आजवर काय मागितलं आणि काय मिळालं, हे आधी समजून घ्यायचं, मग पर्यायांवर बोलायचं. शेवटच्या दिवशी इतिवृत्त सगळ्यांपुढे ठेवून मंजूर करून घ्यायचं, म्हणजे "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" असं कुणावर नंतर म्हणायची वेळ येऊ नये.

या बैठकांत लोकांनी घटनेतला नुसता गौरवाचा उल्लेख नाकारला. 'व्हॉइस'ची मागणी तिथून वर आली आणि 26 मे 2017 रोजी, मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू इथे या बैठकांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन काढलेल्या निवेदनात उतरली. सगळ्यांचं एकमत होतं असं मात्र नाही. काही प्रतिनिधी उलुरूहून उठून गेले. त्यांना आधी सरकारशी करार आणि सार्वभौमत्व हवं होतं. पुढे जॅसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस यांच्यासारख्या मूलनिवासी खासदारांनी उघड विरोध केला. सल्लामसलत न्याय्य होती म्हणजे विरोध संपला होता असं नव्हे. विरोध करणाऱ्यांनाही त्या खोलीत जागा होती, एवढाच त्याचा अर्थ.

माझी खरी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. पंतप्रधान टर्नबुल यांच्या सरकारने 2017 मध्येच ही मागणी फेटाळली. नंतरचे पंतप्रधान अल्बानीझ यांच्या सरकारने ती पुन्हा हाती घेतली तेव्हा घटनादुरुस्तीचे शब्द मूलनिवासी नेत्यांच्या एका कार्यगटाबरोबर बसून ठरले आणि मार्च 2023 मध्ये जाहीर झाले. मधे सहा वर्षं गेली होती. पण ते नेमके शब्द घेऊन त्या बारा ठिकाणी पुन्हा तशीच तीन-तीन दिवसांची फेरी झाली नाही.